प्रोलॉगची पोरं

मंडळी, इंजिनिअरिंगला ज्यांनी 'एआय' नावाचा विषय घेतला होता त्यांना प्रोलॉग आठवत असेल. म्हणजे भाषा आठवत नसेल, पण जर्नलमधलं एक प्रॅक्टिकल नक्की आठवेल: फॅमिली ट्री. बाप कोण, आजोबा कोण, आत्या कोण. एक्स्टर्नलने विचारायचा ठरलेला प्रश्न, आपण द्यायचं पाठ केलेलं उत्तर, आणि मग जन्मात पुन्हा त्या भाषेचं तोंड बघायचं नाही. नोकरीला लागल्यावर जावा, एसक्यूएल आणि (खरं सांगायचं तर) एक्सेल, यातच आयुष्य जातं.

आजचा लेख फॅमिली ट्रीवरच आहे, पण जरा वेगळ्या. प्रोलॉगमधल्या प्रोग्रामला कधीकधी दुसऱ्या प्रोग्रामची मदत लागते. एखादी फाइल बदलून हवी असते, एखादं गणित सी मधल्या प्रोग्रामकडून करून हवं असतं. मग तो ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो, 'मला एक पोर दे.' यालाच आपण पॅरेंट प्रोसेस आणि चाइल्ड प्रोसेस म्हणतो. ऐकायला किरकोळ काम आहे. पण संगणकाच्या इतिहासातले दोन मोठे विचार नेमके इथेच एकमेकांना येऊन धडकतात. ही टक्कर सोडवण्याच्या नादात टोकियोत एक राष्ट्रीय प्रकल्प दहा वर्षं चालला, स्टॉकहोममध्ये एक नवी भाषा जन्मली, आणि आपल्या जुहूतही दोन वेगळ्या वाटा एकाच छताखाली नांदल्या. कसं ते सांगते.

बाप पहिला: मार्सेय, १९७२

प्रोलॉगचा जन्म फ्रान्समधल्या मार्सेय शहरातला. आलाँ कोलमेरोएर आणि फिलिप रूसेल यांना मशीनशी फ्रेंचमध्ये बोलायचं होतं. एडिंबराचा रॉबर्ट कोवाल्स्की त्यांना तर्कशास्त्राची बाजू समजावत होता. त्यातून १९७२ मध्ये एक भाषा तयार झाली. 'तर्कातून प्रोग्रामिंग' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तिचं नाव प्रोलॉग पडलं, आणि ते सुचवलं रूसेलच्या बायकोने. १९७७ च्या सुमारास एडिंबरात डेव्हिड वॉरनने डेक-१० मशीनसाठी कंपायलर लिहिला आणि ही भाषा वेगाच्या बाबतीतही चारचौघांत बसण्यालायक झाली. (सत्तरच्या दशकात त्याच जातीचं मशीन आपल्या कुलाब्याला टीआयएफआरमध्येही होतं.)

प्रोलॉगची मूळ कल्पना अशी: 'कसं करायचं' ते सांगू नका, 'खरं काय आहे' तेवढं सांगा. उदाहरण घरचंच घेऊ:

वडील(शहाजी, शिवाजी).
वडील(शिवाजी, संभाजी).
वडील(शिवाजी, राजाराम).
वडील(संभाजी, शाहू).
आजोबा(_आ, _न) :- वडील(_आ, _ब), वडील(_ब, _न).

(ज्या चलाची किंमत शोधायची त्याचं नाव प्रोलॉगमध्ये कॅपिटल अक्षराने किंवा अंडरस्कोरने सुरू होतं. देवनागरीला कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून आपल्या नशिबी अंडरस्कोर.)

आता विचारा, शहाजीराजांचे नातू कोण? आपल्या छोट्या यादीतून प्रोलॉग आधी शिवाजी शोधतो, मग संभाजी, आणि उत्तर देतो. तुम्ही म्हणालात 'अजून?', की तो एक पाऊल मागे येतो, 'संभाजी' पुसतो आणि 'राजाराम' लिहितो. पुन्हा 'अजून?' म्हटलं की आणखी मागे जातो, काही सापडत नाही, आणि 'नाही' म्हणतो. याचं नाव बॅकट्रॅकिंग. चलांना दिलेल्या किंमती तो एका वहीत टिपून ठेवतो (तिला ट्रेल म्हणतात). मागे येताना वही उलटी वाचायची आणि एकेक नोंद कोरी करायची. वाट चुकली तर हरकत नाही, चौकात परत या, दुसरी गल्ली धरा. चुकलेल्या गल्लीची पाटी पुसलेली असते, जणू तुम्ही तिथे गेलाच नव्हता.

प्रोलॉगची सगळी मोहिनी या 'जणू गेलाच नव्हता' मध्ये आहे. तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाप दुसरा: न्यू जर्सी, १९६९

दुसरा विचार 'फोर्क'चा. कल्पना मेल्विन कॉन्वेने १९६३ च्या एका शोधनिबंधात मांडली होती: चालू कामाला फाटा फुटावा, दोन कामं समांतर चालावीत आणि पुढे एकत्र यावीत. बर्कलेच्या एका टाइमशेअरिंग सिस्टीममध्ये ती वापरली गेली. तिथे शिकलेला केन थॉम्पसन पुढे बेल लॅब्जमध्ये गेला आणि १९६९ मध्ये त्याने पीडीपी-७ वर युनिक्सचं काम सुरू केलं. डेनिस रिचीने नंतर लिहून ठेवलंय की पीडीपी-७ वरच्या फोर्कला असेंब्लीच्या फक्त २७ ओळी लागल्या. चालू प्रोसेस डिस्कवर ठेवून दुसरी आत आणायची सोय तयारच होती. फोर्कसाठी एवढंच करायचं, की डिस्कवर एक प्रत ठेवायची आणि मेमरीतली तशीच पुढे चालू द्यायची. झाले एकाचे दोन. जगातल्या सगळ्या सर्व्हर रूम ज्या पायावर उभ्या आहेत तो पाया २७ ओळींचा होता, हे वाचून मला प्रत्येक वेळी गंमत वाटते.

युनिक्सचं हे कुटुंब फार नियमाने चालतं. पोराला स्वतःचा नंबर असतो, पीआयडी. पोर काम संपवून मरतं तेव्हा जाताना एक आकडा मागे ठेवतं: शून्य म्हणजे सगळं नीट झालं, दुसरं काही म्हणजे गडबड. हा आकडा बापाने वाचायचा असतो, आणि त्या वाचण्याला 'वेट' म्हणतात. बापाने तो वाचेपर्यंत पोराची मेमरी गेलेली, फाइली मिटलेल्या, पण प्रोसेस टेबलमधली त्याची ओळ तशीच. इंग्रजीत याला झॉम्बी म्हणतात. आपल्याकडे याहून चांगली उपमा आहे: पिंडाला कावळा शिवायचा राहिलेला जीव. गेलेला तर आहे, पण सुटका नाही. फरक एवढाच की इथे विधी बापाने पोराचा करायचा असतो.

आणि बापच आधी गेला तर? मग पोर अनाथ. त्याला सिस्टीममधली पहिली प्रोसेस, पीआयडी १ वाली 'इनिट', दत्तक घेते. तिचं एक कायमचं काम म्हणजे अशा दत्तक पोरांसाठी वेट करत बसणं. म्हणून अनाथ पोराची काळजी नसते. काळजी असते ती बाप जिवंत आणि बेफिकीर असलेल्या पोराची.

दोघांची गाठ

आता प्रोलॉगच्या बापाला युनिक्सचं पोर देऊन बघा.

प्रोलॉगमध्ये नियम लिहिला: आधी एक चाइल्ड प्रोसेस सुरू कर आणि तिचा नंबर या चलात ठेव, मग तिच्याकडून आलेलं उत्तर तपास, मग वेट कर. वरून खाली वाचलं तर सगळं शहाण्यासारखं आहे. पण समजा मधली पायरी फसली. उत्तर जुळलं नाही. प्रोलॉग काय करणार? जे तो नेहमी करतो तेच. वही उलटी वाचणार, चल कोरं करणार आणि दुसरी गल्ली धरणार. त्या चलात पोराचा नंबर होता! नंबर पुसला गेला, पोर मात्र तिथेच आहे. ऑपरेटिंग सिस्टीमला प्रोलॉगची वही माहीत नाही. बापाच्या लेखी ते पोर कधी झालंच नाही. आणि जे झालंच नाही त्याचा विधी कोण करणार?

हे पुस्तकी उदाहरण नाही. आमच्याकडे महापेला एका क्लायंटची जुनी सिस्टीम मेंटेनन्सला आली होती. नाव-गाव सोडून देते. विम्याचे क्लेम मंजूर करायचे नियम प्रोलॉगमध्ये, कुणीतरी खूप वर्षांपूर्वी फार सुंदर लिहिलेले. प्रत्येक क्लेमबरोबरची कागदपत्रं वाचायला तो प्रोग्राम एक बाहेरचा प्रोग्राम चालवायचा. दर काही दिवसांनी मध्यरात्री सर्व्हर अडायचा. सीपीयू रिकामा, मेमरी भरपूर, डिस्कला जागा, तरी नवीन काहीही सुरू होत नव्हतं, साधं 'एलएस'सुद्धा नाही. क्लायंटचा आधीचा व्हेंडर म्हणे मशीन रीस्टार्ट करायचा. वर्षानुवर्षं तेच 'सोल्युशन' होतं. प्रोसेसची यादी काढली तर पानंच्या पानं 'डिफंक्ट'. सगळी न सुटलेली पोरं, आणि सगळी नामंजूर झालेल्या क्लेमची!

इथे मजा आहे. क्लेम मंजूर झाला तर नियम शेवटपर्यंत जायचा, वेट व्हायचं, पोर सुटायचं. नामंजूर झाला की नियम मधेच फसायचा, प्रोलॉग मागे फिरायचा, आणि नंबर हरवायचा. त्या काळच्या लिनक्सवर पीआयडीची नेहमीची मर्यादा ३२,७६८ असायची. म्हणजे जितके 'नाही' जास्त, तितकं मशीन लवकर बंद. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्या प्रोग्राममध्ये एकही चूक नव्हती. प्रत्येक निर्णय बरोबर होता. चूक दोन जगांच्या सीमेवर होती, आणि सीमेवर पहारा कुणाचाच नव्हता.

(सीमेवरची ही अडचण फक्त प्रोसेसची नाही. प्रोलॉगने स्क्रीनवर छापलेलं अक्षरही मागे फिरल्याने पुसलं जात नाही. पण छापलेलं अक्षर मेमरी खात नाही आणि नंबर अडवून बसत नाही.)

टोकियोचं उत्तर: मागे फिरूच नका

१९८२ मध्ये जपानने 'पाचव्या पिढीचा संगणक' हा प्रकल्प सुरू केला. टोकियोत आयकॉट नावाची संस्था उभी राहिली, प्रमुख काझुहिरो फुची. संगणकाचा पायाच तर्काचा असेल आणि त्यावर शेकडो प्रोसेसर समांतर चालतील, असं ते स्वप्न होतं. अमेरिका-युरोपची झोप उडाली होती. पण स्वप्नात हीच अडचण दडलेली होती. शेकडो प्रोसेसरवर शेकडो कामं पसरली, आणि त्यातल्या एकाने 'मी मागे फिरतो' म्हटलं, तर बाकीच्यांनी काय करायचं?

१९८३ मध्ये इस्रायलच्या एहुद शापिरोने 'कॉन्करंट प्रोलॉग' मांडलं. त्यानंतर आयकॉटच्या काझुनोरी उएदाने 'जीएचसी' ही त्याहून सुटसुटीत भाषा दिली. दोघांचं उत्तर धीट होतं: मागे फिरणं काढूनच टाका. प्रत्येक नियमाच्या सुरुवातीला एक पहारेकरी अट ठेवा. अट पटली की शब्द दिला, आता माघार नाही. पटेपर्यंत जगात काहीही बदलायचं नाही.

आणि मग एक अद्भुत गोष्ट घडते. नियमातलं प्रत्येक लक्ष्य स्वतःच एक प्रोसेस होतं. एका लक्ष्याच्या जागी नियमातली तीन लक्ष्यं आली, म्हणजे एका प्रोसेसची तीन पोरं झाली. चल हे त्यांच्यातलं टपालखातं: एकाने लिहायचं, बाकीच्यांनी ते येईपर्यंत थांबायचं. इथे पोर काढायला ऑपरेटिंग सिस्टीमची वेगळी विनवणी करावी लागत नाही. नियम लिहिणं हेच पोर काढणं.

सगळी पोरं संपली हे कळणार कसं, याचीही एक देखणी युक्ती होती. प्रत्येक प्रोसेसच्या हातात दोन चलं द्यायची, एक डाव्या शेजाऱ्याशी जोडलेलं, एक उजव्या. काम संपलं की त्याने आपल्या दोन्ही हातांतली टोकं एकमेकांना बांधायची आणि निघून जायचं. एका टोकाला 'झालं' असा शब्द सोडून ठेवायचा. सगळ्यांनी आपापली गाठ मारली की तो शब्द आपोआप दुसऱ्या टोकाला पोचतो. ना नंबर, ना टेबल, ना विधी.

प्रकल्प १९९२ मध्ये संपला. समांतर मशीनं खरोखर बनली आणि चाललीही, पण तोवर साध्या वर्कस्टेशन्स इतक्या वेगवान आणि स्वस्त झाल्या होत्या की या खास मशीनना गिऱ्हाईक उरलं नाही. शिवाय मागे फिरणं काढलं तसा प्रोलॉगचा जीवही गेला. 'नातू कोण, अजून कोण' हा सहज प्रश्न या भाषांमध्ये सहज राहिला नाही.

जुहू, एकाच छताखाली

जपानच्या या घोषणेचे पडसाद आपल्याकडेही उमटले. १९८६ च्या सुमारास केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 'नॉलेज बेस्ड कॉम्प्युटर सिस्टिम्स' म्हणजे केबीसीएस प्रकल्प सुरू केला. टीआयएफआर, बंगळुरूची आयआयएससी, आयआयटी मद्रास, कलकत्त्याची आयएसआय, आणि मुंबईतली एनसीएसटी अशी केंद्रं त्यात होती.

एनसीएसटी म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन यांनी वाढवलेल्या केंद्रातून ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर वेगळी झाली आणि जुहूला आली. संचालक श्रीनिवासन रमाणी. इथे 'विद्वान' नावाचं एक्स्पर्ट सिस्टीम शेल तयार झालं. तज्ज्ञ माणसाचे 'असं असेल तर तसं' असे नियम त्यात भरायचे, आणि ते निष्कर्षापासून उलटं जात नेमके लागतील तेवढेच प्रश्न वापरणाऱ्याला विचारायचं. ११ ते १३ डिसेंबर १९८९ या दिवसांत मुंबईत केबीसीएस-८९ ही आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचे निबंध पुढच्या वर्षी जर्मनीच्या स्प्रिंगरने पुस्तकरूपाने छापले.

पण मला या संस्थेतली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्याच काळात, त्याच मदतीतून दुसरा एक प्रकल्प चालू होता: अर्नेट, म्हणजे देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणारं नेटवर्क. सुरुवात अगदी साधी. एनसीएसटी आणि आयआयटी पवई यांच्यात टेलिफोन लाइन, मोडेम आणि युनिक्सची यूयूसीपी ही टपालव्यवस्था. यूयूसीपी म्हणजे प्रोसेसच्या पोरांचाच कारखाना. एक प्रोग्राम फोन लावतो आणि फाइली आणतो, तो दुसऱ्याला जागं करतो, दुसरा आलेले हुकूम वाचून तिसऱ्याला चालवतो, तिसरा पत्र पेटीत टाकतो. प्रत्येकाने आपल्या पोराचा निकाल बघायचा, फसलं तर नोंद करायची आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. आपल्या टेलिफोन लाइनींवर 'फसलं तर' हा अपवाद नव्हता, तोच नियम होता! पुढे या केंद्रातून अमेरिकेच्या यूयूनेटशी जोडणी झाली. रमाणी यांना २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते या नेटवर्कच्या कामासाठी.

म्हणजे बघा, जुहूच्या एका इमारतीत दोन्ही विचार शेजारी शेजारी राहत होते. एकीकडे मागे फिरू शकणारा तर्क, दुसरीकडे मागे न फिरणारी प्रोसेस. त्यातलं कोणतं जास्त टिकलं? नेटवर्क. आज आपण सगळे त्याच्यावर जगतो. एक्स्पर्ट सिस्टीम शेलचं नाव नव्या पोरांना माहीतही नाही. याचा अर्थ तर्क हरला असा मी घेत नाही. नेटवर्कवाल्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की बाहेरचं जग दगा देणार आहे. म्हणून त्यांनी निस्तरण्याची सोय आधी केली आणि काम नंतर. तर्कवाल्यांना बाहेरच्या जगाशी गाठ फार उशिरा पडली.

२००३ मध्ये एनसीएसटी सीडॅकमध्ये विलीन झाली. आमच्या बाजूने कोपरखैरणेला ठाणे-पनवेल लोकल पकडलीत तर खारघर स्टेशनसमोरच सीडॅक मुंबईची इमारत दिसते. महापे, ऐरोलीच्या आयटी पार्कांत रोज येणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे की या देशातल्या पहिल्या ईमेलांचा वारसा त्या इमारतीकडे आहे?

स्टॉकहोमचं उत्तर: मरू द्या, पण कळू द्या

तिसरं उत्तर सर्वांत व्यवहारी. एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट वर्डिंग आणि माइक विल्यम्स टेलिफोन एक्स्चेंजसाठी भाषा शोधत होते. आर्मस्ट्राँगने १९८६ च्या आसपास प्रयोग सुरू केले ते प्रोलॉगमध्येच. हळूहळू त्यातून अर्लांग ही वेगळी भाषा झाली. टेलिफोन वाहतुकीचं गणित मांडणाऱ्या डॅनिश गणितज्ञाचं नाव तिला दिलं. तिचा पहिला इंटरप्रिटर प्रोलॉगमध्ये लिहिलेला होता. अर्लांगचा कोड पाहिलात तर स्वल्पविराम आणि पूर्णविराम अजून आईच्या वळणावर गेलेले दिसतात. बॅकट्रॅकिंग मात्र गेलं.

त्याऐवजी आली नाती. अर्लांगमध्ये प्रोसेस अतिशय हलक्या असतात (ऑपरेटिंग सिस्टीमच्या नव्हेत, भाषेच्या स्वतःच्या) आणि लाखोंनी काढता येतात. दोन प्रोसेसमध्ये दुवा बांधला की एक मेली तर दुसरीला तसा निरोप जातो. वर 'सुपरवायझर' प्रोसेस असते, तिचं काम एकच: पोरांवर लक्ष ठेवणं आणि कोण मेलं तर त्याच्या जागी नवं काढणं. चूक टाळण्यासाठी जीव टाकू नका, चूक झाली की मरू द्या, पण कुणाला तरी ते कळलंच पाहिजे. आपण सकाळी उठल्यावर आधी जे व्हॉट्सॲप उघडतो, त्याचे सर्व्हर याच भाषेत लिहिले गेले. म्हणजे घरच्या ग्रुपवरचं 'सुप्रभात' तुमच्यापर्यंत पोचवण्यात प्रोलॉगच्या नातवाचा हात आहे :-)

आणि मूळ प्रोलॉग?

ते मेलं नाही. १९८७ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये यान वीलेमाकरने सुरू केलेलं एसडब्ल्यूआय-प्रोलॉग आजही फुकट मिळतं आणि उत्तम चालतं. १९९५ मध्ये प्रोलॉगचं आयएसओ मानक आलं, पण चाइल्ड प्रोसेसबद्दल त्यात अवाक्षर नाही. त्यामुळे ज्याने त्याने आपापली सोय केली. एसडब्ल्यूआयमध्ये 'प्रोसेस' नावाची लायब्ररी आहे. एका हुकुमाने पोर काढा, त्याचं बोलणं पाइपमधून ऐका, दुसऱ्या हुकुमाने वेट करा. तुम्ही नंबर मागितलाच नाहीत तर ती लायब्ररी स्वतःच वेट करून मोकळी होते. नंबर मागितलात की जबाबदारी तुमची. मला हा करार फार आवडतो.

आमच्या त्या विम्याच्या सिस्टीममध्ये शेवटी जे केलं ते तीन कलमांत सांगता येईल.

एक, पोर काढणं आणि वेट करणं ही जोडी फुटू द्यायची नाही. प्रोलॉगमध्ये 'सेटअप-कॉल-क्लीनअप' नावाची रचना आहे. मधलं काम जमो, फसो वा एरर येवो, शेवटचं आवरणं होतंच. वेट तिथे टाकला.

दोन, वेटला मुदत घातली. पोर मरेल याची वाट बघत बाप म्हातारा व्हायला नको. मुदत संपली की पोराला संपवा आणि मग निकाल वाचा. नुसतं मारून भागत नाही, मारल्यावरही वेट लागतोच.

तीन, पोराच्या दोन्ही तोंडांकडे लक्ष. नेहमीचं बोलणं एका पाइपमधून येतं, तक्रारी दुसऱ्यातून. लिनक्सच्या पाइपमध्ये साधारणपणे ६४ केबी मावतात. तुम्ही एकाच पाइपला कान लावून बसलात आणि तक्रारींचा पाइप भरला, तर पोर लिहायला अडतं, बाप ऐकायला अडतो, आणि दोघं सकाळपर्यंत एकमेकांची तोंडं बघत बसतात.

बदल मोजून काही ओळींचा. नियमांना हात लावावा लागला नाही, ते होतेच बरोबर.

हे आत्ता का सांगतेय?

कारण तीच टक्कर पुन्हा आपल्या दारात आलीये, आणि या वेळी महापेतल्या प्रत्येक मजल्यावर. गेल्या दोनतीन वर्षांत जे एआय एजंट आलेत ते काय करतात? विचार करतात, एक कमांड चालवतात, उत्तर पटलं नाही तर 'दुसऱ्या पद्धतीने बघतो' म्हणून मागे येतात आणि दुसरी कमांड चालवतात. ओळखीचं वाटतंय? विचारात मागे येणं फुकट आहे. पण पहिल्या कमांडने सुरू केलेला सर्व्हर चालूच असतो, बनवलेली फाइल तिथेच असते, पाठवलेली मेल गेलेली असते. त्यांच्याही वहीतून नंबर पुसला जातो आणि पोर मागे राहतं.

प्रोलॉगच्या पन्नास वर्षांनी यावर तीन उत्तरं दिली आहेत. शब्द देण्याआधी पारखून घ्या, ही टोकियोची वाट. मेल्याचं कळेल अशी नाती बांधा, ही स्टॉकहोमची. आणि मागे फिरायचंच असेल तर आवरायची सोय आधी करून मग पाऊल टाका, ही सेटअप-कॉल-क्लीनअपची. चौथं उत्तर, 'मशीन रीस्टार्ट करा', हेही पन्नास वर्षं चालू आहे, पण त्याला उत्तर म्हणवत नाही.

मागे फिरणं आणि निस्तरणं यांत फरक आहे. पहिलं तर्काला येतं. दुसरं कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं, आणि ते कोण घेणार हे पोर जन्माला घालायच्या आधी ठरलेलं असावं. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला एजंटचा डेमो दाखवायला आलं, तर तो किती हुशार आहे ते सावकाश विचारा. आधी एवढंच विचारा: याने सुरू केलेल्या कामांची यादी कुणाकडे आहे?

असो. पुढच्या शनिवारी पाइपचा इतिहास घेऊ. तोही कमी मजेदार नाही.